‘गोटू’ची बदनामी

संगणकाचा प्रोग्रॅम लिहायला शिकणाऱ्यांच्या कानी पहिल्या काही दिवसांतच पडणारा उपदेश म्हणजे ‘गोटू वापरू नका’. प्रोग्रॅममधील ओळी सामान्यतः एकामागून एक अमलात येतात. ‘गोटू’ ही आज्ञा मात्र मधल्या ओळी ओलांडून भलत्याच ठिकाणी उडी घ्यायला लावते.

या उपदेशाला बळ मिळाले ते एका पत्राने. डच संगणकशास्त्रज्ञ डाइक्स्ट्रा यांचे ते पत्र मार्च १९६८मध्ये ‘कम्युनिकेशन्स ऑफ द एसीएम’ या नियतकालिकात प्रसिद्ध झाले. ‘गोटू हानिकारक’ अशा अर्थाचा त्याचा मथळा मात्र संपादक निकलाउस विर्थ यांनी दिलेला! पुढे मथळ्याचीच घोषणा झाली आणि त्याखालचा युक्तिवाद विस्मरणात गेला. डाइक्स्ट्रांचे म्हणणे असे, की लिहिलेला प्रोग्रॅम स्थिर असतो, तर त्याची अंमलबजावणी काळाच्या ओघात घडते. या दोहोंचा मेळ वाचणाऱ्याला सहज लागला पाहिजे. स्वैर उड्या हा मेळ मोडतात. तेव्हाच्या फोरट्रान भाषेत तर ‘अन्यथा’साठी स्वतंत्र रचनाच नव्हती, ती १९७७च्या प्रमाणित आवृत्तीत आली. त्यामुळे उड्यांचे जंजाळ अटळ होते.

डोनाल्ड नुथ यांनी १९७४मधील प्रदीर्घ लेखात ‘गोटू’ कोठे उपकारक व कोठे अपायकारक, हे उदाहरणांनिशी दाखवले. ते फारसे कोणी ऐकले नाही.

लिनक्सचा गाभा ‘सी’ भाषेत लिहिलेला आहे आणि त्यात ‘गोटू’ सर्रास आढळतो. एखादे काम करताना प्रोग्रॅम आधी स्मृतीतील जागा मागतो, मग कुलूप लावतो, मग पुढची पायरी. मध्येच काही फसले, तर घेतलेले सारे उलट्या क्रमाने परत करावे लागते. ही आवराआवर प्रत्येक ठिकाणी नव्याने लिहिली, तर एखादे कुलूप उघडायचे राहून जाते. त्यापेक्षा शेवटी एकदाच लिहून तेथे उडी घेणे वाचायलाही सोपे. डाइक्स्ट्रांना हवा असलेला मेळ येथे ‘गोटू’च राखतो.

ॲपलच्या सुरक्षा प्रणालीत ‘गोटू’ची ओळ चुकून दोनदा पडल्याचे २०१४मध्ये उघड झाले. दुसरी ओळ अटीच्या कक्षेबाहेर राहिल्याने डिजिटल स्वाक्षरीची तपासणीच टळली. दोष अर्थातच ‘गोटू’च्या माथी आला. वास्तविक त्या जागी ‘रिटर्न’ दोनदा लिहिले गेले असते, तरी हेच घडले असते. अटीभोवती महिरपी कंस असते, तर दुसरी ओळही अटीच्या आतच राहिली असती.

‘जावा’मध्ये ‘गोटू’ हा शब्द राखीव आहे, पण वापरता येत नाही. तेथे आवराआवरीसाठी ‘फायनली’ची सोय आहे. प्रमाणित ‘सी’मध्ये तशी सोय नाही.