लग्न

लग्न (न.; बोलीत ‘लगीन’) : विवाहविधी, विवाहसोहळा आणि वैवाहिक नाते या तिन्ही अर्थांनी मराठीत रूढ असलेला शब्द. संस्कृत ‘लग्’ म्हणजे चिकटणे, भिडणे. त्यावरून ‘लग्न’ म्हणजे चिकटलेले. ‘संलग्न’, ‘लगत’, ‘लागणे’ हे त्याच घरातले. दोन जीव जोडले जातात म्हणून लग्न, ही फोड प्रवचनांत हमखास ऐकू येते. ती गोड आहे, पण शब्द त्या वाटेने आलेला नाही.

तो आला ज्योतिषातून. एखाद्या क्षणी पूर्वक्षितिजाला लागून उगवत असलेली राशी म्हणजे त्या क्षणाचे लग्न. दिवसरात्रीत बाराही राशी उगवतात, म्हणजे एकेकीच्या वाट्याला सुमारे दोन तास. त्यांतली शुभ राशी साधून विवाह लावायचा, आणि पुढे वेळेचेच नाव विधीला पडले. ही रीत वैदिक नव्हे : आश्वलायन गृह्यसूत्र विवाहाला उत्तरायण, शुक्लपक्ष व शुभ नक्षत्र सांगते, उगवत्या राशीचा विचार करत नाही. राशींवर आधारलेले होराशास्त्र ग्रीक संपर्कानंतरचे; ‘होरा’ हा शब्दच मुळात ग्रीक.

वेळ धरण्यासाठी घटिकापात्र असे. बुडाला बारीक भोक पाडलेली तांब्याची वाटी पाण्यावर सोडायची. ती 24 मिनिटांत भरून बुडाली की एक घटका झाली. घटका भरत आली की अंतरपाटाच्या दोन्ही बाजूंना वधूवर उभे, आणि क्षण येईपर्यंत मंगलाष्टके लांबवायची. अंतरपाट दूर झाला, अक्षता पडल्या, की ‘लग्न लागले’. म्हणूनच ‘लग्न झाले’ म्हणजे सगळा सोहळा, ‘लग्न लागले’ म्हणजे तो एकच क्षण. कायद्याचे गणित मात्र वेगळे : हिंदू विवाह कायदा (1955), कलम 7 प्रमाणे, विधीत सप्तपदी असल्यास सातवे पाऊल पडल्यावर विवाह पूर्ण होतो. अक्षता टाकून थेट पंगतीकडे वळणाऱ्या वऱ्हाडाला याची फिकीर नसते.

संस्कृतातले इतर शब्द विधीचा एकेक भाग पकडतात : ‘विवाह’ वधूला नेणे, ‘पाणिग्रहण’ हात धरणे, ‘परिणय’ अग्नीभोवती फिरवणे. मराठीत ‘विवाह’ पत्रिकेवर छापला जातो, पण ती पत्रिका लग्नपत्रिकाच. गुजरातीतही ‘लग्न’च, गोव्याच्या कोकणीत पोर्तुगीजातून आलेले ‘काजार’ही चालते. पूर्वी अनेक जातींत विधवेच्या पुनर्विवाहाला लग्न न म्हणता ‘पाट’ किंवा ‘मोहतूर’ म्हणत. शब्दातही मान राखून ठेवलेला होता, आणि तो तिच्या वाट्याला नव्हता.

जोतीराव फुले यांच्या सत्यशोधक समाजाने (1873) पुरोहिताला फाटा दिला, तरी शब्द टिकला. विशेष विवाह कायद्याखाली (1954) पंचांग न उघडता होणाऱ्या नोंदणी विवाहालाही मराठी माणूस ‘रजिस्टर लग्न’च म्हणतो.