वयात येण्याची नोंद

मुलगी शहाणी झाली, तिला पदर आला, मुलाला मिसरूड फुटलं. वयात येण्यासाठी मराठीनं किती मायेचे शब्द घडवले आहेत! आमच्या दखनी बोलणाऱ्या घरांत त्यासाठी ‘बालिग’ हा शब्द. पण हे सारे शब्द वेळेवर घडणाऱ्या गोष्टीसाठी आहेत. सहा वर्षांच्या मुलीच्या अंगावर तारुण्याच्या खुणा दिसू लागल्या, किंवा सोळा वर्षांचा मुलगा बालकासारखाच राहिला, की भाषा गप्प होते. घरात कुजबुज सुरू होते. ही कुजबुज कागदावर यायला फार काळ लागला. त्याची हकिगत ऐकण्यासारखी आहे.

आजारांच्या याद्या सुरू झाल्या त्या मरणापासून. सतराव्या शतकात लंडनमध्ये दर आठवड्याला मृत्यूंचे तक्ते छापले जात. मृत्यूचं कारण ठरवायला म्हाताऱ्या बायका घरोघर जाऊन प्रेत पाहत. लहान मुलांच्या मृत्यूचं कारण म्हणून त्या तक्त्यांत चक्क ‘दात’ असंही लिहिलेलं सापडतं. जॉन ग्राँट या कापडाच्या व्यापाऱ्यानं १६६२ मध्ये या तक्त्यांचा पहिला अभ्यास प्रसिद्ध केला. पुढे इंग्लंडच्या जन्ममृत्यू नोंदणी कार्यालयातल्या विल्यम फार यांनी १८३९ च्या अहवालात तक्रार केली, की एकाच आजाराला तीन-चार नावं आहेत आणि काही नावं इतकी मोघम, की त्यांतून काहीच कळत नाही. जगाला चालेल अशी यादी १८९३ मध्ये शिकागोच्या परिषदेत मांडली ती पॅरिसच्या जाक बर्तियों यांनी. गुन्हेगारांची मापं घेऊन त्यांची ओळख पटवण्याची पद्धत काढणारे आल्फोन्स बर्तियों हे त्यांचे सख्खे भाऊ. एक भाऊ माणसांची वर्गवारी करत होता, दुसरा त्यांच्या मरणाची!

या याद्यांत वयात येण्याच्या तक्रारींना जागा मिळणं कठीणच होतं. कारण साधं आहे. अशा तक्रारीनं मूल सहसा दगावत नाही, आणि यादी तर दगावलेल्यांची. जागतिक आरोग्य संघटनेनं ही यादी हाती घेतली आणि १९४८ च्या सहाव्या आवृत्तीत जगणाऱ्यांचे आजारही तिच्यात प्रथमच आले.

पण लवकर किंवा उशिरा म्हणायचं, तर वेळेवर म्हणजे केव्हा, हे आधी ठरायला हवं. ते काम इंग्लंडमधल्या जेम्स टॅनर यांनी केलं. हार्पेंडन गावच्या बालगृहात १९४८ पासून मुलांची वर्षानुवर्षं मोजमापं घेतली गेली, छायाचित्रं काढली गेली. त्यांतल्या १९२ मुली आणि २२८ मुलगे यांच्या नोंदींवरून टॅनर आणि मार्शल यांनी १९६९ आणि १९७० मध्ये वयात येण्याचे पाच टप्पे मांडले. आज जगभरचे डॉक्टर तेच टप्पे लिहितात. ही छायाचित्रं विवस्त्र मुलांची होती, आणि ती मुलं आईबापांच्या छायेबाहेर वाढणारी होती. आपल्या ज्ञानावर त्यांचं ऋण आहे, एवढं तरी आपण लक्षात ठेवावं.

यादीच्या नवव्या आवृत्तीत या तक्रारी ‘इतर’ अंतःस्रावी विकारांच्या कप्प्यात होत्या. १९९० मध्ये मंजूर झालेल्या दहाव्या आवृत्तीनं त्यांना स्वतंत्र घर दिलं: ‘ई ३०’. ई ३०.० म्हणजे विलंबानं वयात येणं, ई ३०.१ म्हणजे अकाली येणं, आणि ई ३०.९ म्हणजे ‘अनिर्दिष्ट’. मेंदूकडून आलेल्या संदेशामुळे मूल अकाली वयात येत असेल, तर त्याला वेगळा क्रमांक, ई २२.८.

एवढ्या बारकाव्यानं काय साधतं? मुलगी आठ वर्षांच्या आत आणि मुलगा नऊच्या आत वयात येऊ लागला, तर ते अकाली समजतात. अशा मुलांची उंची आधी भराभर वाढते, पण हाडांची टोकं लवकर जुळतात आणि मूल कायमचं ठेंगणं राहतं. कारण मेंदूच्या संदेशात असेल, तर तो काही वर्षं थोपवून धरणारी इंजेक्शनं १९८० च्या दशकापासून वापरात आली. कारण अन्यत्र, म्हणजे अॅड्रिनल ग्रंथीत वगैरे असेल, तर उपचार वेगळे. मुलींमध्ये बहुधा गंभीर कारण सापडत नाही. मुलग्यांत मात्र ते कसून शोधावं लागतं.

उशिराचंही तसंच. ‘थांबा, येईल वयात’ हे वडीलधाऱ्यांचं म्हणणं पुष्कळदा खरं ठरतं. पण तेरा वर्षांच्या मुलीत एकही खूण नसेल, तर ते जन्मजात टर्नर सिंड्रोमचं लक्षणही असू शकतं. त्याचा क्रमांक क्यू ९६, आणि तो लिहिला गेला की तिचं हृदय तपासण्याची आठवण होते. नुसतं ‘विलंब’ लिहिलं, तर ती आठवण राहून जाते.

क्रमांक देणारा कारकून अंदाज बांधू शकत नाही. डॉक्टरनं केसपेपरवर जे लिहिलं, तेवढंच तो क्रमांकात उतरवतो. वय, टप्पा, उंचीचा वेग, मनगटाच्या एक्स-रेवरून काढलेलं हाडांचं वय आणि कारण, एवढं नीट लिहिलेलं नसेल, तर मूल ‘अनिर्दिष्ट’ या कोठडीत जाऊन पडतं.

नीट नोंदी असल्या की त्या समाजालाही सावध करतात. २०२० च्या टाळेबंदीनंतर अकाली वयात येणाऱ्या मुली नेहमीपेक्षा जास्त येताहेत, हे इटलीतल्या आणि आपल्या पुण्यातल्याही डॉक्टरांना दिसलं, ते आधीच्या वर्षांचे कागद जपलेले होते म्हणून.

शब्दांचा मी जुना चाकर. आकड्यांविषयी कवीला सहसा जिव्हाळा नसतो. पण इथं आकड्याचं एक मोठेपण मान्य करावंच लागतं: त्याला लाज नसते, आणि तो लाज देतही नाही. जे आई मुलीबद्दल शेजारणीपाशी बोलू शकत नाही, ते त्या चार अक्षरांत निमूट मावतं. म्हणून डॉक्टरांना विचारा, कारण लिहिलंत का? आणि तो कागद फेकू नका. मुलाच्या शाळेच्या दाखल्याइतकाच जपून ठेवा.

(नभोवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)