सांडपाण्याची कुळकथा

दिवाळीच्या फराळाबरोबर सांडपाण्याची गोष्ट काढणे कुणाला अप्रशस्त वाटेल. पण ज्या साखरेने फराळ गोड होतो, तिच्याच पाठीमागे ही कथा उभी आहे, म्हणून सांगतो.

आमच्या धाराशिव जिल्ह्यात ऊस आला, कारखाने आले. साखर निघाल्यावर मळी उरते, मळीपासून मद्यार्क होतो, आणि एक लिटर मद्यार्कामागे ८ ते १५ लिटर काळपट, आंबूस पाणी उरते. त्यात बहुतांशी उसाचेच अंश असतात. मग असले पाणी नदीत गेले की मासे का मरतात? सूक्ष्म जंतू ते अंश खाताना पाण्यातला प्राणवायू संपवतात आणि मासे गुदमरतात. ही प्राणवायूची भूक घरगुती सांडपाण्यात लिटरमागे २००-३०० मिलिग्रॅम, तर या पाण्यात ४०,००० च्या घरात असते!

गंमत अशी की, उपाय त्याच जंतूंपाशी आहे. १८९७ साली मुंबईत माटुंग्याच्या कुष्ठधामात मैला बंद टाक्यांत कुजवून निघालेल्या वायूवर इंजिन चालविले होते. १९१४ साली मँचेस्टरच्या आर्डर्न आणि लॉकेट यांनी सांडपाण्यात हवा फुंकून, जंतूंचा गाळ राखून ठेवण्याची युक्ती काढली. त्यांचे मार्गदर्शक फाउलर पुढे बंगलोरच्या विज्ञानसंस्थेत आले. आजही मद्यार्काचे पाणी आधी बंद टाकीत कुजवितात, वायू बॉयलरला देतात. उरलेले आटवितात किंवा प्रेसमडमध्ये जिरवून खत करतात.

परंतु माझ्या मनात घोळते ती निराळीच गोष्ट. १९१२ साली इंग्लंडच्या शाही आयोगाने प्राणवायूच्या भुकेची मर्यादा २० मिलिग्रॅम ठरविली, ती नदीत किमान आठपट स्वच्छ पाणी आहे असे धरून. आमची तेरणा गोरोबाकाकांच्या तेरजवळून मांजरेकडे जाते; उन्हाळ्यात तिथे आठपट पाणी कोठले? कोरड्या पात्रात सोडलेले पाणी जमिनीत मुरते आणि विहिरीत उतरते. ते शेवटी आपल्याच घागरीत येते.

आपल्याकडे चाचणी तरी बदलली: इंग्लंडचे २० अंश व ५ दिवस जाऊन २७ अंश व ३ दिवस आले. महाराष्ट्राने १९६९ साली, केंद्राच्या १९७४ च्या कायद्याआधीच, जलप्रदूषणाचा कायदा केला. २००३ च्या सनदेने तर मद्यार्क कारखान्यांनी नदीनाल्यात थेंबही सोडू नये असे ठरले. माझ्या मते, कोरड्या मुलखाला शोभणारा नियम हाच. ज्या नदीला स्वतःचेच पाणी पुरत नाही, तिने दुसऱ्याचे पाणी धुऊन द्यावे, ही अपेक्षाच अन्यायाची आहे.