‘व्यथित व्यक्ती’ कोण? मुंबईतील वकिली शिस्तीचे दोन खटले

गिरगावातून धोबीतलाव ओलांडले की एस्प्लनेडचे मॅजिस्ट्रेट न्यायालय लागते. मुंबईच्या फौजदारी न्यायालयांच्या दाराशी पक्षकार दिसताच त्याच्यावर झडप घालून काम मिळविणाऱ्या काही वकिलांविरुद्ध १९६४ मध्ये उच्च न्यायालयाकडून महाराष्ट्र बार कौन्सिलकडे तक्रार आली. १९२६ च्या कायद्यान्वये अशा प्रकरणी अंतिम आदेश उच्च न्यायालयच देत असे. १९६१ च्या अधिवक्ता अधिनियमाने तो अधिकार वकिलांच्याच निर्वाचित मंडळाच्या त्रिसदस्य शिस्त समितीकडे सोपविला. मात्र नोटीस व सुनावणी यांवाचून शिक्षा देता येणार नाही, असे बंधनही घातले.

राज्याच्या समितीने या वकिलांना तीन वर्षांसाठी निलंबित केले; अपिलात भारतीय बार कौन्सिलच्या समितीने त्यांना दोषमुक्त ठरविले. तेव्हा महाराष्ट्र कौन्सिल सर्वोच्च न्यायालयात गेले आणि खरा प्रश्न उपस्थित झाला. अपिलाचा हक्क ‘व्यथित व्यक्ती’ला होता. ज्या संस्थेच्या समितीने न्याय केला, तीच संस्था निर्णय फिरल्यावर व्यथित कशी म्हणविणार? आपला निकाल रद्द झाला म्हणून कोणताही न्यायाधीश अपील करीत नाही.

आक्षेप पोकळ नव्हता. १९७० मध्येच दुसऱ्या एका मुंबईकर वकिलाच्या प्रकरणात, महाराष्ट्राचे महाधिवक्ता एच. एम. सीरवाई हे ‘व्यथित’ नव्हेत, असे सर्वोच्च न्यायालयाने बहुमताने ठरविले होते. संसदेने १९७३ च्या दुरुस्तीने महाधिवक्त्यास अपिलाचा हक्क दिला. कौन्सिलचा प्रश्न तसाच राहिला.

१९७५ मध्ये सात न्यायमूर्तींच्या पीठाने त्याचे उत्तर दिले. कौन्सिलची भूमिका दुहेरी आहे: कार्यकारी अंगाने ते अभियोक्ता, शिस्त समितीच्या द्वारे अर्धन्यायिक. समिती न्याय करते. व्यवसायाची प्रतिष्ठा राखण्याचे कर्तव्य मात्र कौन्सिलचे. सबब ते व्यथित होय. ‘हितसंबंध’ या शब्दाचा अर्थ येथे स्वतःच्या लाभापलीकडे नेला गेला, आणि ते योग्यच झाले. अन्यथा बाजू मांडण्यास कोणीच उरले नसते, कारण ज्यांच्यावर झडप पडली ते पक्षकार अपिलासाठी दिल्लीस थोडेच जाणार होते!

त्यानंतर मूळ आरोपाचा विचार झाला. भारतीय बार कौन्सिलच्या समितीने ३६ व्या नियमाची चिरफाड करून, विशिष्ट व्यक्तीकडे विशिष्ट कामासाठी याचना सिद्ध व्हावी, असे घटक मोजले होते. न्यायमूर्ती कृष्ण अय्यर यांनी हा संकुचित अर्थ नाकारला. गैरवर्तन हे नियमाच्या शब्दांत सामावलेले नसते. नियम नसतानाही असे वर्तन गैरच ठरले असते, अशी त्यांची भूमिका होती.