हॅलोजनांची अभिक्रियाशीलता आणि वऱ्हाडचे पाणी : एक ऐतिहासिक दृष्टिक्षेप

प्रस्तावना :
अंजनगाव सुर्जी हे नाव इतिहासाच्या अभ्यासकांना ३० डिसेंबर १८०३ रोजी दौलतराव शिंदे व इंग्रज यांच्यात झालेल्या तहामुळे परिचित आहे. ह्या गावाच्या उत्तरेस सातपुडा व दक्षिणेस पूर्णेचे खोरे आहे. ह्या खोऱ्यात क्लोरीन हे मूलद्रव्य दोन रूपांत भेटते. खारपाणपट्ट्यातील विहिरींत ते क्लोराइडच्या रूपाने विरघळलेले असते. तर त्याच विहिरींच्या निर्जंतुकीकरणासाठी टाकल्या जाणाऱ्या चूर्णात ते अभिक्रियाशील रूपात असते. मूलद्रव्य एक, पण परिणाम परस्परांहून सर्वस्वी भिन्न. ह्या भिन्नतेचा ऐतिहासिक दृष्टीने विचार करणे हा प्रस्तुत लेखाचा उद्देश आहे.

१. हॅलोजनांचा शोध :
स्वीडिश रसायनज्ञ शील याने १७७४ मध्ये मँगनीज डायऑक्साइड व हायड्रोक्लोरिक आम्ल यांच्या अभिक्रियेतून हिरवट पिवळा वायू मिळविला. तो ऑक्सिजनचे संयुग असावा, असा समज पुढे दीर्घकाळ टिकला. म्हणजे सुर्जी-अंजनगावचा तह झाला तेव्हा हा वायू ज्ञात होता. पण ते मूलद्रव्य आहे, हे मान्य झालेले नव्हते. हम्फ्री डेव्हीने १८१० मध्ये ते प्रतिपादन करून त्याला ‘क्लोरीन’ हे नाव दिले. ‘मीठ निर्माण करणारा’ या अर्थाचा ‘हॅलोजन’ हा शब्द श्वायगर याने १८११ मध्ये सुचविला. त्याच वर्षी कूर्त्वाने समुद्रशेवाळाच्या राखेतून आयोडीन मिळविले. बालारने १८२६ मध्ये मिठागरातील मीठ काढून घेतल्यानंतर उरलेल्या द्रावात क्लोरीन सोडून ब्रोमीन मुक्त केले. फ्लुओरीन वेगळे करण्याच्या प्रयत्नांत अनेक संशोधकांना विषबाधा झाली, काहींचे प्राणही गेले. अखेर २६ जून १८८६ रोजी मॉयसाँ यांना यश आले.

सर्वांत अभिक्रियाशील हॅलोजन सर्वांत शेवटी हाती लागावे, हा केवळ योगायोग नव्हे. जे मूलद्रव्य इतरांशी अधिक आवेगाने संयोग पावते, ते संयुगातून सोडविणेही तितकेच कठीण असते.

२. अभिक्रियाशीलतेचे कारण :
हॅलोजनांच्या बाह्यतम कवचात सात इलेक्ट्रॉन असतात व अष्टक पूर्ण होण्यास एकाची उणीव असते. अणू जितका लहान, तितके बाहेरून येणाऱ्या इलेक्ट्रॉनवरील केंद्रकाचे आकर्षण प्रबळ. म्हणून फ्लुओरीन, क्लोरीन, ब्रोमीन, आयोडीन अशा क्रमाने अभिक्रियाशीलता घटत जाते. क्लोरीन ब्रोमाइडमधून ब्रोमीन मुक्त करतो; बालारच्या प्रयोगाचे रहस्य हेच होय. मात्र एक इलेक्ट्रॉन मिळाला की क्लोरीनचे क्लोराइड होते आणि त्याची ही भूक संपते.

३. पूर्णेच्या खोऱ्यातील मीठ :
अशा ‘तृप्त’ क्लोरीनचा साठा वऱ्हाडच्या भूमीत आहे. भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षणाच्या १८७९ मधील ग्रंथात ह्याची नोंद आढळते. अकोल्याच्या उत्तरेस दहीहांड्यापासून अमरावतीच्या आठ-दहा मैल अलीकडेपर्यंत, तीस मैलांहून अधिक लांबीच्या प्रदेशात, पूर्णेच्या दोन्ही तीरांवर खाऱ्या पाण्यासाठी विहिरी खोदल्या जात व त्या पाण्यापासून मीठ तयार केले जाई. सर्वांत खोल विहिरी सुमारे १२० फुटांच्या होत्या. हा व्यवसाय पुढे लोप पावला. खारे पाणी मात्र राहिले. अमरावती, अकोला व बुलढाणा या जिल्ह्यांत पसरलेला आजचा खारपाणपट्टा सुमारे ४,७०० चौरस किलोमीटरचा आहे. एकेकाळी ज्या पाण्याने मीठ दिले, तेच पाणी आज पिण्यास अयोग्य व ओलितास घातक ठरते.

४. विरंजक चूर्ण : कापडापासून विहिरीपर्यंत :
मुक्त क्लोरीनचा पहिला मोठा उपयोग वस्त्रोद्योगात झाला. बेर्तोले यांनी १७८५ च्या सुमारास त्याची विरंजनशक्ती दाखवून दिली आणि १७९९ मध्ये टेनंट यांनी विरंजक चूर्णाचे एकस्व घेतले. पूर्वी कापड उन्हात पसरून पांढरे करण्यास आठवडे, प्रसंगी महिने लागत. ते काम अल्पकाळात होऊ लागले. वऱ्हाडचा कापूस १८६० च्या दशकात मोठ्या प्रमाणावर इंग्लंडला जाऊ लागला, तेव्हा तेथील गिरण्यांत विरंजक चूर्ण रुळलेले होते.

हेच चूर्ण आज ग्रामपंचायतीत ‘टीसीएल’ या नावाने ओळखले जाते. पाण्यात त्यापासून हायपोक्लोरस आम्ल तयार होते व ते जंतूंच्या पेशीतील घटकांचे ऑक्सिडीकरण करते. साधारणतः १,००० लिटर पाण्यास २.५ ग्रॅम चांगले चूर्ण पुरते. पाणी गढूळ असल्यास सेंद्रिय द्रव्यच क्लोरीन खाऊन टाकते. म्हणून चूर्ण टाकल्यावर तासाभराने लिटरमागे ०.५ मिलिग्रॅम क्लोरीन शिल्लक आहे की नाही, हे तपासणे आवश्यक असते. उघड्या पोत्यातील चूर्ण हवेतील ओलावा व कार्बन डायऑक्साइड यांमुळे निकामी होते. मग ते विहिरीत टाकूनही उपयोग नसतो. चिखलदरा तालुक्यातील पाचडोंगरी व कोयलारी येथे जुलै २०२२ मध्ये दूषित विहिरीच्या पाण्यामुळे कॉलरा पसरून मृत्यू झाले. हा रसायनशास्त्राचा साधा धडा किती मोलाचा आहे, हे त्यावरून दिसते.

५. दोन दोष, दोन उपाय :
पाण्यातील जंतू व पाण्यातील क्षार हे दोन वेगळे दोष आहेत. मुक्त क्लोरीन पहिल्याचा नाश करतो. दुसऱ्यापुढे तो निरुपयोगी ठरतो, कारण क्लोराइडची अभिक्रिया आधीच पूर्ण झालेली असते. उलट, ‘टीसीएल’मुळे पाणी खारट झाले, ही तक्रारही निराधार आहे. योग्य मात्रेने लिटरमागे एकदोन मिलिग्रॅमच क्लोराइड वाढते. भारतीय मानकानुसार पिण्याच्या पाण्यात २५० मिलिग्रॅमपर्यंत ते स्वीकार्य आहे व अन्य स्रोत नसल्यास १,००० पर्यंत चालवून घेतले जाते. क्षारांवर उपाय म्हणजे गोड्या पाण्याचा दुसरा स्रोत अथवा क्षार वेगळे करणारी यंत्रणा. अंजनगाव सुर्जीजवळील शहानूर धरणातून खारपाणपट्ट्यातील गावांना नळाने पाणी देण्यामागील तर्क हाच आहे.

निष्कर्ष :
हॅलोजनांचे सामर्थ्य त्यांच्या अपूर्णतेत आहे. पूर्णता लाभली की ते शांत होतात. पूर्णेच्या खोऱ्यात ही दोन्ही रूपे एकाच विहिरीत नांदतात. त्यांतील भेद न ओळखता केवळ चूर्ण टाकून पाणी ‘शुद्ध’ झाल्याचे समाधान मानणे योग्य नाही. तसेच पाणी खारेच आहे म्हणून निर्जंतुकीकरण टाळणेही धोक्याचे आहे. आपल्या महाविद्यालयांतील रसायनशास्त्र विभागांनी परिसरातील विहिरींच्या पाण्यातील क्लोराइड व उर्वरित क्लोरीन यांचे मापन विद्यार्थ्यांकडून नियमित करवून घेतल्यास हा विषय पाठ्यपुस्तकाबाहेर येईल व गावाच्या कामीही पडेल.