खुनी आपल्यातलाच : ‘एम’ हा चित्रपट आणि घाबरलेलं शहर

विषय जाहीर झाल्यापासून एकच मागणी कानावर येते आहे : सीरियल किलरचे बघण्यासारखे सिनेमे कोणते, तेवढी यादी द्या. देतो, एका दमात. हिचकॉकचा ‘सायको’ (१९६०), ‘द सायलेन्स ऑफ द लॅम्ब्स’ (१९९१), डेव्हिड फिंचरचे ‘सेव्हन’ (१९९५) आणि ‘झोडिअ‍ॅक’ (२००७), बाँग जून-होचा कोरियन ‘मेमरीज ऑफ मर्डर’ (२००३). आपल्याकडचा हवा असेल तर मुंबईच्या रामन राघववर श्रीराम राघवननी केलेला, रघुवीर यादव यांचा. झाली यादी. आता उरलेला वेळ मी या सगळ्यांच्या आधीच्या एका सिनेमाला देणार आहे, कारण तो बघितला की बाकीचे वेगळे दिसायला लागतात. फ्रिट्झ लांगचा ‘एम’. ११ मे १९३१ रोजी बर्लिनमध्ये तो पहिल्यांदा दाखवला गेला.

ही तारीख लक्षात ठेवा, कारण तिच्या अलीकडे-पलीकडे काय घडत होतं ते महत्त्वाचं आहे. ड्युसेलडॉर्फ शहरात १९२९ साली एकामागून एक खून झाले होते. बळींमध्ये लहान मुली होत्या, बायका होत्या. शहर महिनोन्‌महिने दाराला कड्या लावून बसलं. मे १९३० मध्ये पेटर क्युर्टेन नावाचा माणूस पकडला गेला. लग्न झालेला, नीटनेटक्या कपड्यांतला. शेजाऱ्यांना कधी संशयही आला नव्हता. २२ एप्रिल १९३१ ला त्याला नऊ खुनांबद्दल मृत्युदंड झाला आणि २ जुलैला कोलोनमध्ये गिलोटिनखाली त्याचं डोकं उडवलं गेलं. म्हणजे शिक्षा सुनावली एप्रिलमध्ये, अंमल जुलैत, आणि मधल्या मे महिन्यात हा सिनेमा. थिएटरात बसलेल्या प्रत्येकाच्या डोक्यात एकच प्रश्न होता : असल्या माणसाचं करायचं काय? लांग म्हणत असे की आपली पटकथा क्युर्टेनच्या अटकेआधीच तयार होती, सिनेमा त्याच्यावर नाही. असेल. प्रेक्षकाला त्यानं काय फरक पडतो?

‘सीरियल किलर’ हा शब्द अमेरिकेच्या एफबीआयनं सत्तरच्या दशकात काढला, असं आपण सर्रास वाचतो. पण १९३० मध्येच बर्लिन पोलिसांतल्या एर्न्स्ट गेनाट यांनी क्युर्टेन प्रकरणावर लिहिताना ‘मालिका-खुनी’ अशा अर्थाचा जर्मन शब्द वापरला होता. हे गेनाट म्हणजे खुनांच्या तपासाचं स्वतंत्र खातं उभारणारा अधिकारी. देह एवढा अवाढव्य की लोक त्यांना बुद्ध म्हणत. सिनेमातला सिगार ओढणारा जाडजूड इन्स्पेक्टर लोमान त्यांच्यावरूनच बेतला असं मानतात. तेव्हा शब्द आणि सिनेमा हे दोन्ही एकाच शहरात, एका वर्षाच्या अंतरानं जन्मले. हा योगायोग नव्हे. जर्मनीनं त्याआधी हानोव्हरचा हारमान पाहिला होता, त्याच्यावर लोकांनी गाणं रचलं होतं, आणि सिनेमा सुरू होतो तेव्हा वाड्याच्या चौकात मुलं त्याच चालीचं गाणं म्हणत ‘आउट’ होण्याचा खेळ खेळताहेत. भीती कशी मुलांच्या खेळापर्यंत झिरपते बघा.

आणि बाकीची भीतीही होतीच. १९३१ च्या सुरुवातीला जर्मनीत जवळपास ५० लाख माणसं बेकार होती. आदल्या सप्टेंबरच्या निवडणुकीत नाझींच्या जागा १२ वरून १०७ वर गेल्या होत्या.

आता सिनेमाकडे. एक धुणंवाली आई, शाळेतून यायची वेळ झालेली मुलगी. मुलगी रस्त्यानं चेंडू आपटत येते, आपटता आपटता जाहिरातींच्या एका गोल खांबावर. त्यावर दहा हजार मार्कांच्या इनामाचं पत्रक. त्या पत्रकावर एक सावली पडते आणि सावली मुलीच्या चेंडूचं कौतुक करते. एवढंच. पुढे आईच्या हाका, रिकामा जिना, रिकामी माळवदाची खोली, टेबलावरचं रिकामं ताट. मग झुडपातून घरंगळत आलेला चेंडू आणि तारांत अडकलेला फुगा. खून दिसत नाही. संपूर्ण सिनेमात एकही खून दिसत नाही. आजच्या दिग्दर्शकांना हे सांगितलं पाहिजे, पण ऐकतंय कोण!

लांगचा हा पहिला बोलपट. आवाज हातात आला म्हणून बाकीचे दिग्दर्शक पात्रांना अखंड बडबडायला लावत होते. यानं पार्श्वसंगीतच ठेवलं नाही. एकच सूर आहे. खुनी अस्वस्थ झाला की ग्रिगची एक धून शिट्टीवर वाजवतो. पीटर लॉरेला शिट्टी वाजवता येत नव्हती, म्हणून ती खुद्द लांगनं वाजवली असं सांगतात. शेवटी खुनी ओळखला जातो तोही त्याच शिट्टीवरून, आणि ओळखणारा कोण, तर फुगे विकणारा आंधळा भिकारी. ज्याला डोळे आहेत त्या शहराला जे दिसलं नाही ते याला ऐकू आलं.

मात्र माझ्या मते सिनेमाचा गाभा खुन्यात नाही, मधल्या भागात आहे. शहर एकमेकांकडे कसं बघायला लागतं ते लांग दाखवतो. रोज एकत्र बसणारे मित्र एकमेकांवर आरोप करतात. रस्त्यात एक छोटी मुलगी एका चष्मेवाल्या म्हाताऱ्याला वेळ विचारते. तो थांबून उत्तर देतो, आणि क्षणात त्याच्याभोवती गर्दी जमते. तू मुलीशी का बोललास? म्हाताऱ्याचं उत्तर कुणाला ऐकायचंच नाही. बसमधून पोलीस एका खिसेकापूला खाली उतरवतो, तर लोक त्यालाच खुनी समजून ओरडत तुटून पडतात.

हा भाग मी २०१८ नंतर पहिल्यासारखा बघू शकत नाही. १ जुलै २०१८, राईनपाडा, तालुका साक्री, जिल्हा धुळे. मुलं पळवणारी टोळी आली आहे, अशा अफवा मोबाइलवरून फिरत होत्या. बाजाराचा दिवस. नाथपंथी डवरी गोसावी समाजाचे पाच जण, भिक्षा मागत गावोगाव फिरणारे. त्यांच्यातला एक जण लहान मुलीशी बोलत होता, असं तेव्हा वर्तमानपत्रांत आलं होतं. जमावानं पाचही जणांना ठार मारलं. लांगचा म्हातारा निदान जिवंत सुटतो.

पुढे सिनेमात गंमत अशी, की पोलिसांच्या छाप्यांमुळे चोरांचे धंदे बसतात. म्हणून चोरांची टोळीही खुन्याच्या मागे लागते. एकीकडे पोलीस अधिकाऱ्यांची बैठक, दुसरीकडे गुन्हेगारांची. तोच सिगारचा धूर, तीच हातवाऱ्यांची ढब. टोळीच्या म्होरक्यानं उचललेला हात पोलीस आयुक्ताच्या हाताशी जाऊन पुरा होतो. भिकाऱ्यांना गल्ल्या वाटून दिल्या जातात. एक पोरगा तळहातावर खडूनं ‘एम’ काढतो, जर्मनमध्ये खुन्याला जो शब्द आहे त्याचं आद्याक्षर, आणि धक्का लागल्याचं निमित्त करून खुन्याच्या खांद्यावर उमटवतो. माणसावर खूण करून त्याला हुडकायचं. पुढच्या काही वर्षांत त्या देशात कुणाकुणावर खुणा केल्या गेल्या ते तुम्हाला ठाऊक आहे. लांगला अर्थात १९३१ मध्ये ते ठाऊक असणं शक्य नव्हतं, म्हणून त्याला द्रष्टा वगैरे म्हणू नये.

मग खटला, एका बंद पडलेल्या दारूभट्टीच्या तळघरात. न्यायाधीश चोर, ज्यूरी चोर, अध्यक्षावर स्वतःच तीन माणसं मारल्याचा आरोप. खुनी इथे पहिल्यांदा आपली बाजू मांडतो : गुबगुबीत, घामाघूम, डोळे बाहेर आलेला. तुम्ही पाप निवडता, मला निवड नाही, अशा अर्थाचं तो किंचाळत सांगतो. त्याच्या बाजूनं उभा केलेला वकील म्हणतो, हा आजारी असेल तर याला डॉक्टरकडे द्या, जल्लादाकडे नाही. लोक हसतात. वेडा ठरवून आत टाकाल, मग उद्या सुटून पुन्हा मुली मारेल, हे अध्यक्षाचं उत्तर. आणि हे उत्तर पोकळ नाही, मंडळी. मुलगी गमावलेल्या आईला ते पोकळ वाटणार नाही. लांग कुणालाही सोपा विजय देत नाही.

याचा परिणाम काय झाला? प्रदर्शनानंतर दहाच दिवसांनी, २१ मे १९३१ ला, गोबेल्सनं रोजनिशीत या सिनेमाची तोंडभरून तारीफ केली : मानवतेच्या भोंगळ कळवळ्याविरुद्ध आहे, फाशीच्या बाजूचा आहे! त्याला फक्त गर्दीचं बोलणं ऐकू आलं. सत्ता आल्यावर १९३४ मध्ये याच राजवटीनं सिनेमावर बंदी घातली. आणि १९४० च्या ज्यूद्वेषी प्रचारपटात लॉरेच्या कबुलीजबाबाचा तुकडा कापून घातला, ज्यू माणूस कसा असतो याचा नमुना म्हणून. लॉरे ज्यू होता, १९३३ लाच देश सोडून गेला होता. अभिनय पुरावा म्हणून वापरला गेल्याचं याहून वाईट उदाहरण मला माहीत नाही.

एक धागा आपल्याकडचा, तो सांगतोच. ही पटकथा लांगनं पत्नी थिआ फॉन हार्बो हिच्याबरोबर लिहिली. दोघं १९३३ मध्ये विभक्त झाले. लांग गेला, ती राहिली, आणि पुढे नाझी पक्षाची सदस्यही झाली. आणि याच बाईनं बेळगावकडच्या आयी गणपत तेंडुलकर या पत्रकाराशी लग्न केलं. गुपचूप, कारण गोऱ्या नसलेल्या माणसाशी उघड लग्न तिथे शक्य नव्हतं. तेंडुलकरांच्या कन्या लक्ष्मी तेंडुलकर धौल यांनी ही सगळी हकिगत पुस्तकात लिहिली आहे, जरूर वाचा. युद्धकाळात बर्लिनमधल्या भारतीय विद्यार्थ्यांना थिआनं मदत केली. त्या वकिलाचं दयेचं भाषण लिहिणाऱ्या दोघांपैकी एक व्यक्ती त्या पक्षात जाते, आणि त्याच पक्षाच्या नजरेखाली परक्या मुलांना जेवू घालते. मला हे कोडं सुटलेलं नाही, आणि मी ते सोडवल्याचा आवही आणणार नाही.

प्रश्न शेवटी घेऊ. आधी पहिली काही मिनिटं बघू या. मुलांचं गाणं संपून आईच्या हाका सुरू होतात तिथे आवाज थोडा वाढवा, आणि मागचे दिवे घालवा.