खर्रात ते जी-कोड: हात, माप आणि मालकी

काही शब्द बोलण्यात इतके मुरलेले असतात की ते कुठून आले, हे आपण विचारत नाही. 'खराद' हा त्यातलाच एक. उर्दू-हिंदीत खराद म्हणजे लेथ आणि त्यावर काम करणारा तो खरादी. या शब्दाचे नाते अरबीतल्या 'खर्रात'शी आहे. खर्रात म्हणजे लाकूड फिरवत ठेवून त्याला गोल आकार देणारा कारागीर. मराठीत या कामाला कातकाम म्हणत आणि ते करणाऱ्याला कातारी. पुढे इंग्रजांच्या कारखान्यांतून 'लेथ' आणि 'टर्नर' आले आणि जुने शब्द मागे पडले. आता त्याच कामासाठी 'सीएनसी ऑपरेटर' हा शब्द रूढ झाला आहे. नावे बदलत गेली, तसा कारागीरही बदलत गेला. तो कसा बदलला आणि त्या बदलात त्याच्या हाती काय उरले, हे मला पाहायचे आहे.

कैरोच्या जुन्या घरांच्या खिडक्यांवर लाकडी जाळी दिसते. तिला मशरबिया म्हणतात. बाहेरची हवा आत येते, घरातल्या माणसांचा पडदाही राहतो. ही जाळी शेकडो छोट्या गोल तुकड्यांची असते आणि ते तुकडे खर्राताने केलेले असतात. त्याचा लेथ जमिनीलगत असे. एका हातात कमान, कमानीची दोरी लाकडाला वेढलेली. कमान पुढे-मागे ओढली की लाकूड उलटसुलट फिरे. हत्यार दुसऱ्या हातात धरून तो पायाच्या बोटांनी त्याला आधार देई. तसबीहचे मणीही याच पद्धतीने होत. आपल्याकडे कच्छमधल्या निरोणा गावात वाढा समाजाचे कारागीर असा दोरीचा लेथ वापरत आले आहेत. फिरत्या लाकडावर ते रंगीत लाखेची कांडी टेकवतात. घर्षणाच्या उष्णतेने लाख वितळते आणि लाकडावर चढते. कर्नाटकातल्या चन्नपट्टणची खेळणीही याच तत्त्वावर रंगतात आणि तिथल्या कारागिरांत मुस्लिमांची संख्या मोठी आहे.

या सगळ्यात ताकद कारागिराची, हत्यार त्याच्या हातात आणि कुठे किती कापायचे हा निर्णयही त्याचाच. लेथचा पुढचा इतिहास म्हणजे या तिन्ही गोष्टी एकेक करून माणसाकडून यंत्राकडे कशा गेल्या, याचा इतिहास आहे.

पहिल्यांदा ताकद गेली. कमानीच्या जागी पायटा आला, मग पाणचक्की, वाफ आणि वीज. दुसऱ्यांदा हत्याराची पकड गेली. इ.स. १८०० च्या सुमारास लंडनमध्ये हेन्री मॉड्स्ले याने आटे पाडण्याचा लेथ सुधारला. त्यात हत्यार माणसाच्या हातात नव्हते, ते एका सरकत्या लोखंडी पाटावर पक्के बसवलेले होते. लांब स्क्रू आणि दात्यांची चाके मिळून तो पाट ठरलेल्या वेगाने सरकवत. एका बोल्टसारखा दुसरा बोल्ट मिळू लागला आणि यंत्राने यंत्र घडवण्याचा काळ सुरू झाला. भारतात हे तंत्र रुजवण्यात मराठी माणसांचा वाटा मोठा आहे. किर्लोस्कर घराण्याने १९४१ साली हरिहर येथे म्हैसूर किर्लोस्कर ही कंपनी काढली आणि तिथे लेथ बनू लागले. १९५३ साली बंगळूरूला सरकारी एचएमटी उभी राहिली.

तिसरी गोष्ट म्हणजे निर्णय. तो यंत्राकडे कसा गेला, ही कथा आपल्याकडे फारशी सांगितली जात नाही.

दुसऱ्या महायुद्धानंतर अमेरिकेतल्या मिशिगन राज्यात जॉन पार्सन्स नावाचा उद्योजक हेलिकॉप्टरची पाती बनवत होता. त्याच्याकडे कॉलेजची पदवी नव्हती. पात्याचा बाक अचूक यावा म्हणून फ्रँक स्टुलन या त्याच्या सहकाऱ्याने हिशेबाच्या पंचकार्ड यंत्रावर त्या बाकाचे अनेक बिंदू मोजून काढले. मग एक माणूस आकडे मोठ्याने वाचे आणि दुसरे दोघे यंत्राची एकेक मूठ तेवढी फिरवत. पार्सन्सला वाटले, हे आकडे थेट यंत्रालाच का देऊ नयेत? अमेरिकी हवाई दलाने पैसा दिला, काम एमआयटी या संस्थेकडे गेले आणि सप्टेंबर १९५२ मध्ये आकड्यांवर चालणारे मिलिंग यंत्र लोकांना दाखवण्यात आले. शेकडो व्हॅक्यूम ट्यूब आणि भोके पाडलेली कागदी पट्टी, असा त्याचा संसार होता. आजचे सगळे सीएनसी लेथ या यंत्राच्या वंशातले.

त्याच काळात दुसरी एक वाट उपलब्ध होती. जनरल इलेक्ट्रिक कंपनीत एक पद्धत विकसित झाली होती. कुशल कारागीर एक नग स्वतः बनवी, त्याच्या हातांच्या हालचाली चुंबकीय पट्टीवर टिपल्या जात आणि पुढचे नग यंत्र त्या पट्टीवरून बनवी. म्हणजे 'प्रोग्रॅम' लिहिणारा कारागीरच. डेव्हिड नोबल या इतिहासकाराने १९८४ च्या आपल्या ग्रंथात प्रश्न विचारला की, ही वाट मागे का पडली? त्याचे उत्तर असे की गुंतागुंतीच्या आकारांची गरज हे एक कारण होते, पण तेवढेच नव्हते. व्यवस्थापनाला कारखान्यातले ज्ञान कारागिराच्या हातातून काढून कचेरीतल्या टेबलावर न्यायचे होते. कर्ट व्हॉनेगट हा लेखक तेव्हा याच कंपनीच्या प्रसिद्धी विभागात नोकरीला होता. त्याची 'प्लेअर पियानो' ही कादंबरीही १९५२ चीच. तिच्यात एका निष्णात लेथ कारागिराच्या हालचाली टिपून घेतल्या जातात आणि मग त्याचीच गरज उरत नाही. म्हणजे दुसऱ्या वाटेवरही धोका होताच. हालचाल कोणाची, याच्याइतकाच ती पट्टी कोणाच्या मालकीची, हा प्रश्न महत्त्वाचा होता.

इथे कोणी म्हणेल, अल-जझरीने १२०६ च्या आपल्या ग्रंथात खुंट्या बसवलेल्या फिरत्या दंडगोलावर चालणारे वादक दाखवले आहेत, तेव्हा हे सगळे मूळचे आपलेच. अल-जझरी थोर होता यात शंका नाही. पण त्याच्या नावाने छाती फुगवून आज एकाही वर्कशॉपमध्ये चूल पेटत नाही. त्याच्याकडून घेण्यासारखी गोष्ट वेगळी आहे. तो दरबारातला अभियंता असूनही स्वतः हाताने घडवणारा होता आणि दुसऱ्याला ते यंत्र बनवता यावे म्हणून मापे व आकृत्या लिहून ठेवणारा होता. हात आणि लेखणी त्याच्याकडे एकत्र होती.

आमच्या भागातल्या औद्योगिक वसाहतीत मी दोन प्रकारची वर्कशॉप पाहतो. एकात सीएनसी लेथपुढे बारा-बारा तास मुले उभी असतात. दार उघडायचे, नग चकमध्ये लावायचा, दार बंद करून हिरवे बटण दाबायचे. प्रोग्रॅमला कुलूप असते. दोन वर्षांनीही त्या मुलाला 'जी-शून्य-एक' म्हणजे सरळ रेषेत काप आणि 'जी-शून्य-दोन' म्हणजे घड्याळाच्या दिशेने कंस, एवढेही कोणी सांगितलेले नसते. त्याची जागा उद्या दुसरा घेऊ शकतो, म्हणून त्याचा पगारही वाढत नाही.

दुसऱ्या प्रकारचे वर्कशॉप छोटे, गल्लीच्या टोकाला. जुना विकत घेतलेला एक सीएनसी लेथ आणि शेजारी हाताने चालणारा साधा लेथ. तिथला मिस्त्री ड्रॉइंग वाचतो, यंत्राच्या पडद्यावर स्वतः प्रोग्रॅम भरतो, पहिला नग काढून मायक्रोमीटरने मोजतो आणि दोन शतांश मिलिमीटरचा फरक दुरुस्त करतो. टूलच्या आवाजावरून आणि निघणाऱ्या किसाच्या रंगावरून वेग कमी-जास्त करायचे त्याचे ज्ञान जुन्या लेथवरचेच आहे. सीएनसीने त्याचे काहीच हिरावले नाही, कारण निर्णय त्याने स्वतःकडे ठेवला.

यंत्र दोन्हीकडे तेच, फरक ज्ञानाच्या मालकीचा. आणि ही मालकी आज १९५२ इतकी महाग राहिलेली नाही. अमेरिकेच्या सरकारी मानक संस्थेने यंत्र चालवण्याचे एक सॉफ्टवेअर तयार करून लोकांसाठी खुले केले. तेच पुढे लिनक्स-सीएनसी या नावाने वाढले आणि आजही फुकट मिळते. साधा संगणक, मोटारी आणि बॉल स्क्रू जोडून लाकडाचा छोटा लेथ त्यावर चालवता येतो. खेळणी, पलंगाचे पाय, जिन्याचे कठडे बनवणाऱ्याला एवढे पुरते. लाखेचा रंग चढवायचे काम तरीही हाताचेच राहील, आणि गिऱ्हाईक त्याच हाताचे पैसे देईल.

सच्चर समितीने २००६ साली दाखवून दिले की मुस्लिमांत स्वयंरोजगारावर जगणाऱ्यांचे प्रमाण इतरांपेक्षा जास्त आहे. टर्नर, फिटर, वेल्डर, सुतार आपल्या मोहल्ल्यात घरोघरी सापडतील. उस्ताद-शागिर्द परंपरेने त्यांना हात दिला, पण त्रिकोणमिती दिली नाही. आयटीआयमध्ये गेलेल्या मुलाला कोन आणि त्रिज्या कळतात, पण उस्तादाचा कान मिळत नाही. हे दोन्ही एकत्र आणणे ही आपली गरज आहे. जमातीचे सभागृह निकाहाला मिळते, तसे ते सुट्टीच्या दिवशी ड्रॉइंग वाचायच्या वर्गाला मिळावे. बक्षीस समारंभात डॉक्टर-इंजिनियरच्या बरोबरीने पहिला प्रोग्रॅम स्वतः लिहिणाऱ्या टर्नरलाही बोलवावे. मुलींसाठी तर हे काम खुलेच आहे, कारण सीएनसीवर दंडाची ताकद लागत नाही.

कुरआनात हजरत दाऊद यांच्यासाठी लोखंड मऊ केल्याचा उल्लेख आहे, आणि त्याला लागूनच चिलखताच्या कड्या मापात जोडण्याची ताकीद आहे. लोखंड मऊ करायचे काम आता यंत्र करते. माप राखायची जबाबदारी आपल्याकडेच आहे, आणि ज्याला माप कळते त्याला कामावरून हटवणे सोपे नसते.